पेटी जमिनीवरच हवी

आर्णी
२१ नोव्हेंबर २००६

प्रिय निकिता,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : तुझ्या इलेक्ट्रिक गिटारला जोडलेल्या, आवाजाला पडसाद देणाऱ्या इफेक्ट्सच्या पेटीची जागा आपल्या चर्चच्या वेदीशेजारी जमिनीवर, वाजवणाऱ्याच्या पायापाशी आहे; टेबलावर नाही. ऑगस्टमध्ये पंच कमिटीसमोर मी याच्या नेमके उलट सिद्ध केले होते, आणि तेव्हापासून सलग तेरा रविवार तू नागपूरहून उपासनेला आलेली नाहीस. तू परत येशील की नाही, हे माझ्या या मांडणीवर अवलंबून आहे असे मी धरून चालतो. तू सावकाश वाच. मी मात्र घाईत लिहीत आहे. अक्षरावरून ते तुझ्या ध्यानात येईलच.

माझे तेव्हाचे अनुमान असे होते. उपासनेचे वाद्य पवित्र. पवित्र वस्तूला पाय लावणे हा अनादर. तुझी पेटी पायाने दाबतात. म्हणून वेदीसमोर ती चालवणे हा अनादर. कमिटीने हात वर करून मत दिले आणि पेटी टेबलावर चढली. मग गीताच्या मध्येच तुला तारांवरचा हात काढून बटण दाबावे लागले. सूर दोनदा तुटला, मागच्या बाकावर कोणी तरी हसले. उपासना संपताच तू गिटार खोळीत घालून माझ्या हाती दिलीस आणि म्हणालीस, “आता तुमीच दाबा आबाजी, बोटानं. मले नाही जमत.”

मी ते शब्दशः घेतले. पेटीसोबतची पुस्तिका पेन्सिलने खुणा करत चार वेळा वाचली. निकिता, ही काय विलक्षण वस्तू आहे! चाळीस वर्षे मी मुलांना कारण आणि कार्य शिकवले, पण एक स्वर स्वतःचाच पडसाद होऊन ठरल्या क्षणी परत येतो, हे कधी हाताळून पाहिले नव्हते. आपली मंडळी संथ गीताला मिनिटाला बहात्तर टाळ्या वाजवते, हे मी घड्याळ लावून मोजले. म्हणजे एका टाळीला आठशे तेहतीस मिलिसेकंद, आणि त्याचे पाऊण सहाशे पंचवीस. पडसाद सहाशे पंचविसावर लावला आणि संडे स्कूलच्या अक्षय मास्तरांना तुझ्या गिटारवर चारच स्वर वाजवायला सांगितले. ते चार स्वर टाळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत असे जाऊन बसले, की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मास्तर म्हणाले, “सर, बसा, बीपी वाढंल.” मी बसलो नाही.

भारनियमन चालूच आहे, म्हणून बॅटरी आणि इन्व्हर्टर आणायला नासिरच्या गॅरेजात गेलो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, मशीन पायाची हाय, अन् तुमी तिले टेबलावर बसवून राह्यले! मंग गाडीची किकबी हातानंच मारत जा.” मी त्याला उपमा आणि प्रमाण यांतला फरक समजावला. त्याने चहा मागवला.

परवाच्या रविवारी प्रयोग झाला. मास्तर वाजवणार, त्यांनी मान हलवली की टेबलापाशी उभा राहून मी बटण दाबणार, असे ठरले होते. एक गोष्ट मी गृहीत धरली नव्हती : वाजवणारा प्रार्थनेत असला की त्याचे डोळे मिटलेले असतात आणि मान आपोआपच हलते. मी ती खूण समजलो. ऐन मूक प्रार्थनेत पेटीतून डरकाळी फुटली. पहिल्या बाकावरून रूथबाई कडाडल्या, “किसनराव, देवाले झोप लागली होती काय?” सगळे चर्च हसले, मीही हसलो, हे लिहून ठेवतो.

तेव्हा मास्तरांनी पेटी टेबलावरून उचलून खाली ठेवली. आधी तिला हात लावून तो कपाळाला लावला, मग अनवाणी पाऊल तिच्यावर ठेवले. त्यानंतर जे झाले ते मी तोलूनमापून लिहू शकत नाही. चवडा हळूहळू खाली गेला तसा आवाज नसल्यातून उगवला, पडसाद टाळ्यांत मिसळले, आणि एरवी ओठांतल्या ओठांत गाणारे आपले लोक छतापर्यंत गायले. हात मोकळे होते म्हणून सूर मोकळा होता. यापेक्षा साधे प्रमाण मला ठाऊक नाही.

मास्तरांच्या पावलाकडे पाहताना माझे जुने अनुमान कोसळले, कारण त्याचे खंडन माझ्या घरातच होते. तुझी आजी एकतीस वर्षे त्याच जागी बसून पायपेटी वाजवत असे. दोन्ही पायांनी भाता मारल्याशिवाय ते वाद्य श्वासही घेत नाही. तिच्या पायांना मी कधी अनादर म्हटले नाही. उलट, चपला काढून ती बसली की उपासना सुरू झाली असे मी समजत असे. ती गेल्यावर पायपेटी मीच कोठीत हलवली. पाच वर्षांनी त्या मोकळ्या जागेवर तू तुझी पेटी मांडलीस.

येत्या रविवारी, सव्वीस तारखेला, कापणीचा सण आहे. लाल्या रोगाने कपाशी वाळली. वेदीपुढच्या पांढऱ्या चादरीवर पहिल्या वेचणीचा कापूस यंदा मूठ-मूठच येईल. सण रद्द करावा असे कमिटीत निघाले, तेव्हा रूथबाई म्हणाल्या, “चादर रिकामी राह्यली तं राहू द्या, गाण्यानं भरून टाकू.” मास्तरांना चारच स्वर येतात. बाकीचे तुझ्याकडे आहेत. म्हणून हे पत्र. शनिवारच्या गाडीने ये. त्या जागेची फरशी मी स्वतः पुसून ठेवीन, आणि पहिल्या बाकावर बसून टाळ्या मोजणार नाही.

सलाम.

तुझाच,
आबाजी

कबुली : माझा आक्षेप पायाला नव्हता, जागेला होता. तिथे दुसऱ्या कोणी वाजवावे हे मला सोसत नव्हते, आणि त्या दुःखाला मी नियमाचे नाव दिले. चूक माझी.

किसनराव साळवे
निवृत्त अध्यापक, तर्कशास्त्र