वरच्या वस्तीची बस

४ जानेवारी
अठरा मतांनी! आठवडा झाला तरी आकडा तोंडातून जात नाही. वीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, तिकिटं फाडली, दोरी ओढली, आता नगरसेविका म्हणे. आज वॉर्डाच्या ऑफिसच्या दाराशी "आत येऊ का?" असं विचारलं. शिपाई हसला. ऑफिस माझंच की.

९ जानेवारी
सकाळपासून एकच गाऱ्हाणं. बस खालच्या चौकात सोडते. पुढे वरच्या वस्तीत जायचं तर दोनशे चौदा पायऱ्या. मागच्या बाजूने गाडीरस्ता आहे, पण बस त्यावर कधी गेलीच नाही. एक म्हातारे गृहस्थ आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. परतताना सुनेच्या खांद्यावर हात, दर वीस पायऱ्यांवर बसकण. ती सून आली होती. म्हणाली, "ताई, तुम्ही तर बसवाल्या. तुम्हाला नाही जमलं तर कोणाला जमणार?"
जेवण गेलं नाही.

१३ जानेवारी
वाहतूक कार्यालयात गेले. साहेबांनी नकाशावर पेन टेकवलं. "बाई, त्या गाडीरस्त्यावर शाळेजवळचं वळण बसला पुरत नाही."
"कोणी मोजलंय?"
"नकाशात आहे ना."
नकाशा मी शाळेत होते तेव्हाचा. म्हटलं, एकदा बस नेऊन बघू या. आधी नाही, मग नाही, मग "बघू". सरकारी "बघू"चा अर्थ मला चांगला कळतो. खुर्चीवरून हललेच नाही. तारीख घेऊनच उठले — २ फेब्रुवारी.

१४ जानेवारी
यांना सांगितलं. हे सोळा वर्षं ड्रायव्हर, त्यातली नऊ माझ्याच गाडीवर. आमचं लग्नही त्याच गाडीत जुळलं. पण दोन वर्षांपूर्वी उतारावर ब्रेक गेले. यांनी बस बांधावर घातली. सगळे वाचले, एका मुलीचा हात मोडला. चौकशीत यांचा दोष निघाला नाही. तरी तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नाही. डेपोच्या भांडारात सुटे भाग देत बसतात. घरात तो विषय कोणी काढत नाही. मीही नाही.
वळणाचं ऐकून घास तसाच हातात राहिला. मग म्हणाले, "मोठी गाडी नको. छोटी वळेल." आणि ताट घेऊन उठले.
दोन वर्षांत गाडीबद्दलचं पहिलं वाक्य.

२० जानेवारी
वरच्या वस्तीच्या तोंडाशी, त्या वळणावर मास्तरीणबाईंचं घर, आणि घराचा ओटा थेट रस्त्यात. बाई निवृत्त झाल्या, जीभ नाही झाली. निवडणुकीत माझ्याविरुद्ध दारोदार फिरल्या होत्या. "ओटा आमच्या यजमानांनी स्वतः बांधलाय. एक वीट हलणार नाही." निघताना म्हणाल्या, "तुझ्या पत्रकात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या."
चहा मात्र दिला. साखर बेताची.

१ फेब्रुवारी
झोप नाही. उद्या फसलं तर पाच वर्षं पायऱ्याच.

२ फेब्रुवारी
छोटी बस आली. साहेब पुढच्या सीटवर, मांडीवर वही. वळणाशी ड्रायव्हरने दोनदा घातली, दोनदा मागे घेतली. "नाही बसत, साहेब." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.
तेवढ्यात गर्दीतून हे पुढे. रजा टाकून आले होते, मला पत्ता नाही! खिडकीशी जाऊन ड्रायव्हरला म्हणाले, "आधी डावीकडे जाऊ द्या, पार शाळेच्या फाटकाला नाक लागेपर्यंत. घाबरू नका. मग एकदम उजवीकडे तोडा." मी मागे धावले. येऊ दे, येऊ दे, बास — हात विसरले नव्हते. गाडी वळली. ओट्यापासून चार बोटं ठेवून.
साहेब खाली उतरले. ओटा आणि बस यांच्यात स्वतःची बोटं घालून बघितली. "रोज चार बोटांवर नाही चालवता येणार, बाई."
मग घराच्या खिडकीतून मास्तरीणबाई — "ओट्याचा कोपरा काढा. हातभर. त्याहून जास्त नाही. आणि बसचा थांबा माझ्या दारात पाहिजे. माझेही गुडघे आहेत."
लोक हसले, टाळ्या पडल्या. साहेबांनी लिहिलं ते नुसतं "नाही" नसणार, कारण पेन बराच वेळ चाललं.
घरी कुलूप काढताना यांच्या हातून किल्ली दोनदा निसटली. मी हातातून घेतली नाही.

१७ फेब्रुवारी
मंजूर! कागद तीनदा वाचला. मास्तरीणबाईंनी चौथ्यांदा वाचला आणि एक काना वाढवला.

२३ फेब्रुवारी
गवंडी आला. कोपरा निघाला. मास्तरीणबाई पाठ फिरवून बसल्या, पण जागच्या उठल्या नाहीत. मी शेजारी बसले. निघताना त्यांनी माझा हात दाबला.

१ मार्च
पहिली बस सकाळी सातची. हे आठवडाभर पहाटेच जातायत, आजही गेले, भांडारात माल उतरायचाय म्हणाले. मास्तरीणबाईंच्या दारात आम्ही पंचवीस-तीस जण. ते डायलिसिसवाले आजोबा धुतलेला सदरा घालून सगळ्यांच्या पुढे. बस आली, कुठे न थबकता एका दमात वळली. दार उघडलं.
स्टिअरिंगवर हे.
"चढा," म्हणाले, "वेळ झाली."