हातोडी ठेवलेली नाही

प्रिय भागू,

'प्रिय' एवढं लिहून जरा वेळ पेन खाली ठेवलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची पाळीच आली नाही. कंडक्टर होतो तेव्हाही नारायणगाव डेपोत भांडून आपल्या डिंभ्याची मुक्कामाची गाडी मागून घ्यायचो, म्हणजे रात्र घरी. आता तू मागच्या अंगणात तोरणांना भाताच्या शेवटच्या लोंब्या बांधते आहेस आणि मी पलंगावर पडून क्रेटांवर नावं घालतोय असं तुला वाटतंय. नावं कधीच घालून झाली. हे पत्र मी वरच्या क्रेटात, तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या घडीखाली सारणार आहे. ते तुझ्या हाती लागेल तेव्हा तू पुण्याच्या प्रदर्शनात पोचलेली असशील, टेम्पो रिकामा होऊन निघून गेला असेल आणि 'मी न्हाई जात तुमच्याबिगर' हे तुझं पालुपद तिथे कुणी ऐकणार नाही. घडीचं स्टूल क्रेटांच्या मागे बांधलंय. ते सोड, बस आणि मग वाच.

पहिल्यांदाच तू एकटी स्टॉल लावते आहेस, म्हणून काय कुठे आहे ते सांगतो. तोरणं टोमॅटोच्या क्रेटांत आहेत. पोत्यात भरायची नाहीत, लोंब्या मोडतात आणि पुण्याला पोचेपर्यंत तोरणाचं सरपण होतं. सगळ्या लोंब्यांची तोंडं एकाच दिशेला ठेवलीत, काढताना त्याच दिशेनं काढ. गोल कडी, म्हणजे ज्यांना पुण्याच्या बायका 'रीथ' म्हणतात आणि तू 'चुंबळ' म्हणतेस, ती आडवी रचून मध्ये मध्ये साडीचे तुकडे घातलेत, नाहीतर एका कड्याची नाचणी दुसऱ्याच्या वेलीत अडकते. कीड लागू नये म्हणून खाली कडुनिंबाचा पाला आहे. निळ्या पिशवीत कात्री, बारीक तार, सुई-दोरा, डिंक आणि सुट्ट्या लोंब्यांची जुडी आहे. गिऱ्हाईक तोरण हाताळतं, दोन लोंब्या पाडतं आणि मग हेच पडकं का दिलं म्हणून किंमत पाडून मागतं. त्याच्या देखत नवी लोंबी बांधून दे, ते गप्प बसतं. आणि एक दाराच्या रंगाची फळी दिली आहे. तिच्यावर तोरण लावून ठेव. फ्लॅटच्या बायकांना आपल्या दारावर कसं दिसेल ते कळल्याशिवाय पाकीट उघडवत नाही. त्यांना खिळाही ठोकायचा नसतो, म्हणून प्रत्येक कड्याला मागून दोऱ्याचा फास घातलाय.

तू नेहमी म्हणायचीस की, चार तोरणं विकायला जायचं आणि सामान वऱ्हाडाचं. मोहित तर म्हणायचा, बाबांनी दारसुद्धा उचकटून घेतलं असतं. मी हसण्यावारी न्यायचो. आज खरं सांगतो. त्यातल्या निम्म्या वस्तू मी तोरणांसाठी घेतल्याच नव्हत्या. त्या घेतल्या होत्या त्या तुला शेजारच्या स्टॉलवर काही मागायची वेळ येऊ नये म्हणून.

हसलीस ना? हस. तुला माहीत होतं, हे मलाही माहीत होतं.

शेजारचा स्टॉल म्हणजे सावळेरामाचा, जुन्नरकडचा, सुपं-टोपल्या आणि बांबूचे दिवे घेऊन येणारा. तालुक्यांच्या बाराखडीप्रमाणे स्टॉल लावले असते तर आपलं आंबेगाव आणि त्याचं जुन्नर यांच्या मध्ये इंदापूर आणि खेड आले असते आणि मी सुखी झालो असतो. पण दोन्ही तालुक्यांचा माल एकाच टेम्पोनं जातो, एकदम उतरतो, म्हणून दरवर्षी तो आपल्या डाव्या हाताला. पहिल्या वर्षी आठवतं का? मी फाटकावर पास करायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर तू तळहातावर खिळे घेऊन उभी आणि हे महाशय माझ्या स्टुलावर चढून आपल्या स्टॉलला खिळे ठोकतायत. 'वहिनी, व्हा बाजूला, डोक्यात पडंल काही,' म्हणत होता. साऱ्या रांगेतल्या बायकांना तो ताई म्हणतो, आणि तुला तेवढं वहिनी. मी विचारलं तर तू म्हणालीस, 'आवं, हातुडी हाय का म्हनून इचारलं, लगीन न्हाई लावलं त्याच्यासंगं.' त्याच आठवड्यात मंचरच्या बाजारातून मी हातोडी आणली. लाकडी दांड्याची, भारीतली. ती घरी कुठल्याही कामाला वापरू दिली नाही.

पुढच्या वर्षी आपला स्टॉल मावळतीला तोंड करून आला. दुपारी ऊन आत आलं, लोंब्या कडक होऊन दाणे गळायला लागले आणि मी कुठून कापड आणू म्हणून फिरत होतो तोवर सावळेरामाची चटई आपल्या माथ्यावर बांधलेली. म्हणून शेडनेट आलं. ते तिसऱ्या क्रेटात आहे, बरोबर चिमटे आणि सुतळी. मग एकदा मी पाणी आणायला गेलो असताना तू सुट्ट्यांसाठी त्याच्याकडे नोट पुढे केलीस. ते मला जेवढं लागलं तेवढं दुसरं काही लागलं नाही. सारा जन्म ज्यानं 'सुट्टे द्या, सुट्टे द्या' म्हणून लोकांचे शिव्याशाप खाल्ले, त्याच्या बायकोनं शेजाऱ्याकडे सुट्टे मागावेत? तेव्हापासून माझी कंडक्टरची चामडी पिशवी सामानात असते. यंदाही आहे, दहाच्या नोटांची गड्डी वेगळ्या कप्प्यात. आता लोक मोबाईलवरच पैसे टाकतात हे मला कळतं, तो चौकोनाचा फोटोही चिकटवून दिलाय. पण पिशवी असू दे.

आणि तो स्टोव्ह. त्याचं नाव काढू नका असं मी घरात बजावून ठेवलंय, पण आज मीच काढतो. तो माणूस रोज दुपारी फाटकाबाहेरून चहा आणायचा आणि एक कप तुझ्यासाठी. तू नको म्हणायचीस, मग घ्यायचीस, मग चहा गोड आहे म्हणायचीस. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पुढच्या वर्षी मी स्टोव्हच नेला. वाळल्या भाताच्या तोरणांच्या मधोमध बसून मी स्टोव्हला पंप मारतोय हे त्या प्रदर्शनवाल्या मॅडमनी पाहिलं आणि त्या अशा काही धावत आल्या की मला वाटलं मीच पेटलोय. सगळ्या लोकांसमोर म्हणाल्या, काका, तुम्हाला पुणं जाळायचंय का? रांगच्या रांग हसली. तू पदराआड हसलीस. सावळेराम तेवढा हसला नाही. थोड्या वेळानं दोन कप घेऊन आला, एक तुला आणि एक मला. मी घेतला नाही. संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसलो आणि तू म्हणालीस, 'मानसाचा राग च्यावर काढू नी, च्याचा मानसावर बी काढू नी.' त्याच्यानंतर थर्मास आला.

असं आपलं सामान वाढत गेलं. लोक म्हणायचे, सयाजीभाऊंची तयारी बघा. कुणाला काय ठाऊक, एकेक वस्तू कशी जळत जळत आली आहे ते. तुझ्या हाताला देवानं कसब दिलंय. नव्या पिकाच्या लोंब्या आपल्याकडे सगळ्याच बायका दाराला बांधतात, पण तुझ्या तोरणासमोर माणूस थांबतो. माझ्याकडे तसलं काही नाही. मला तोरण बांधता येत नाही, गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही. मला सामान भरता येतं आणि तुझ्या शेजारी स्टुलावर बसता येतं. तेवढीच माझी जागा, आणि ती दुसरा कुणी हातोडी घेऊन, चटई घेऊन, चहा घेऊन भरून काढतोय असं मला वाटायचं. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावता आले असते. चांगल्या माणसाचा राग करणं फार अवघड काम आहे.

आता एक गोष्ट जी मी तुझ्यापासून लपवली. मी आत्ता जिला पाठ लावून बसलोय ती बांबूची टेकण मोहितनं पाठवली असं मी तुला सांगितलं होतं. मोहितनं पाठवलेली नाही. तू बचत गटाच्या बायकांबरोबर मंचरला गेली होतीस त्या दिवशी सावळेराम आला होता. टेम्पोवाल्याकडून त्याला कळलं की मी यंदा येत नाही, पाठ धरली आहे. डिंभ्याच्या एसटीचा भरवसा तुला माहीतच आहे, बिचारा फाट्यावरून ती टेकण खांद्यावर घेऊन चालत आला. मी त्याला बसा म्हणालो, पण गादीवर नाही, समोरच्या खुर्चीवर. आरती सूनबाईनं चहा केला. ह्या खेपेला तो माझ्या घरचा चहा पीत होता म्हणून मला जरा बरं वाटलं.

मी तोंड घट्ट करूनच होतो. तो इकडचं तिकडचं बोलला, पाऊस, भात, बांबू महाग झालाय. मग कप खाली ठेवून म्हणाला, 'सयाजीभाऊ, तुमी न्हाई आला तर मला लई जड जाईल.' मला वाटलं, टोमणा मारतोय. मी विचारलं, तुम्हाला कसलं जड? तर म्हणाला, 'मंगल व्हती तवा आमी बी स्टॉलवर असंच भांडायचो. हे का आनलं, ते का न्हाई आनलं, दोरी कुटं ठिवली. ती गेल्यापासून दिसभर गप बसून टोपल्या पुसतो. शेजारी तुमचं दोघांचं चालू झालं की वाटतं, चला, दिस जाईल. खरं सांगू का राव, तुमच्यावर लई जळायचो मी.' एवढं बोलून तो उठला, टेकण माझ्या पाठीला नीट लावून दिली आणि पाचच्या गाडीला निघून गेला. मी त्याला थांबा म्हणायला पाहिजे होतं.

भागू, इतकी वर्षं मी त्याच्यावर जळत होतो आणि तो माझ्यावर. आणि जळण्यासारखं होतं ते माझ्याकडेच होतं. मी मात्र ते सोडून हातोड्या विकत घेत होतो.

टेकणीनं पाठीला आराम पडतो हे लिहायला मला अजून जड जातंय, पण पडतो.

आता हे पत्र कशासाठी, ते. तुला मी सांगितलं होतं की यंदाचं वर्ष सांभाळ, पुढच्या वर्षी मी स्टुलावर हजर. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मोहितला आणि मला आत बोलावून त्यांनी सांगितलं की मणका आता ओझं घेणार नाही आणि टेम्पोतला प्रवास तर नाहीच, पुढच्या वर्षी नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. घरात हिंडेन-फिरेन, तुझ्या लोंब्या निवडून देईन, क्रेट भरून देईन, पण प्रदर्शनाला माझं येणं संपलं. हे घरी सांगितलं असतं तर तू टेम्पोत पाय ठेवला नसतास आणि तुझी तोरणं आपल्याच दाराला टांगून राहिली असती. ते मला नको आहे. म्हणून तू यंदा जा आणि दरवर्षी जा. रडायचं असेल तर आत्ता उरकून घे, सकाळी गिऱ्हाईक कमी असतं. सगळं सामान यादीबरहुकूम भरलंय, फक्त हातोडी ठेवलेली नाही. विसरलो नाही, काल रात्री माझ्या हातानं बाहेर काढली. तुला स्टुलावर चढून खिळे ठोकायचे नाहीत. डाव्या हाताला वळ आणि त्याच्याकडे माग. तो ठोकायला लागला की खिळे तळहातावर धर, पहिल्या वर्षीसारखे. चहा आणला तर घे, पण गोड आहे म्हणू नकोस. माझ्या स्टुलावर कुणाला बसवू नकोस, त्याच्यावर चामडी पिशवी ठेव. आणि दुपारी गर्दी उतरली की मला फोन कर. दोरी सापडत नाही म्हण, चिमटे कमी भरले म्हण, काहीही म्हण, मी भांडायला बसलेलोच आहे. फोन स्पीकरवर ठेव आणि आवाज मोठा कर, म्हणजे शेजारीही नीट ऐकू जाईल.

तुझाच, आणि स्टुलाचा मालक अजूनही,
सयाजी