तारेजवळची फांदी

सौंदड, मंगळवार, संध्याकाळ

आज भासऱ्यांना, नवऱ्याच्या थोरल्या भावाला, सगळ्यांसमोर नाही म्हटलं. उद्या त्यांच्या अंगणात पुतणीच्या लग्नाचा मांडव, आणि तिथल्या कडुनिंबाची फांदी विजेच्या तारेला टेकलेली. लांब दांड्याची करवत माझी, म्हणून मलाच बोलावलं.

"काऊन भेऊन राहिली? दोन मिनिटांचं काम आहे."

"दांडा अॅल्युमिनियमचा आहे, भाऊजी. लाइन बंद झाल्याबिगर मी करवत उचलत नाही."

बाईच्या हाती अवजार दिलं की असंच, म्हणाले. मी सरळ करवत घेऊन घरी आले. उद्धट दिसले का? दिसू दे. चालू तार आणि अॅल्युमिनियमचा दांडा!

शेवटी त्यांनीच लाइनमनला बोलावलं. लाइन बंद झाल्यावर मी परत गेले आणि बाजूला उभी राहून फांदी थोडी थोडी कापली. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "बेस केलं."

भासरे अजून बोलत नाहीत. न बोलोत. पुन्हा सांगितलं, तरी पुन्हा नाहीच म्हणेन.