रुसक्या बांधीचे दोन तास

प्रिय उमेंद्र,

माय विचारत होती, खोलीवर कूलर घेतलास का. पुण्यात गोंदियासारखं तापत नाही म्हटलं तर तिला पटत नाही. काकांच्या टीनाच्या लग्नात सगळ्यांनी तुझी आठवण काढली. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही.

आपली 'शेजपाळी' आठव. इटियाडोह धरणाच्या आपल्या पाटावर कुणाच्या वावराला पाणी कधी, हे सांगणारं अ‍ॅप आपण दोघांनी केलं, तेव्हा आपल्या गावात, केशोरीत, लोक हसले होते. नवी आवृत्ती निघाली की तू पुण्यात बनवायची, मी इथे त्याच कोडवरून वेगळी बनवायची आणि दोन्हींचा ठसा, म्हणजे ती लांबलचक अक्षरं, फोनवर जुळवायची, हा हट्ट तुझाच. एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. तो जुळला तरच तुझी डिजिटल सही, आणि मगच ते लोकांच्या फोनवर. मी कंटाळायचे, तू ओरडायचास, "ताई, विश्वास नको ठेवू, तपास!" फक्त या वेळी मी टीनाच्या लग्नाच्या धांदलीत होते, तर तू म्हणालास, एकदा माझ्यावर सोड. मला किती बरं वाटलं होतं रे!

पाटाच्या शेपटाला वच्छलाबाई ठेक्याने वावर करते, तुला माहीतच आहे. तिची उन्हाळी धानाची रोपं लाल पडली. पाणी संस्थेच्या बैठकीत ती उभी राहून म्हणाली, "माह्या वावरात पानी येऊनच नाही राहिला." अध्यक्ष आपले बाबूजी. त्यांनी फोन वर धरला, "पाळी पुरी दिसून राहिली. फोन लबाड बोलते, का तू?" ती बाबूजींना म्हणाली, "दुर्गाभाऊ, भेगा तं पाहाले चला." कुणी गेलं नाही. उलट ती पाणी चोरून विकते, असा आळ आला. मी गेले. भेगेत माझी चप्पल अडकली.

घरी येऊन मी अ‍ॅप पुन्हा बनवलं. ठसा जुळेना. माझंच चुकलं असेल म्हणून शेजारच्या वीरेंद्रच्या संगणकावर बनवलं. आमचे दोन्ही ठसे सारखे, लोकांच्या फोनवरचा वेगळा, आणि त्यावर सही तुझी, अस्सल. तरी मी म्हटलं, कुणी तुझी सहीची डिजिटल किल्ली पळवली असेल. चोरीच निघू दे म्हणून देवाला हात जोडले! मग फोनमधली फाइल उलगडली. आपल्या कोडमध्ये नसलेला एक तुकडा तिच्यात होता. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या फोनवर वच्छलाबाईची पाळी दोन तास आधी संपवायची आणि ते पाणी दुसरीकडे वळवायचं. बाकी सगळ्यांना जुनीच पाळी दाखवायची. कुठे वळवायचं, तिथे गट नंबर नव्हता. 'रुसकी' लिहिलं होतं.

उमेंद्र, ओढ्यापलीकडच्या आपल्या बांधीला, धानाच्या त्या तुकड्याला, कधी धड पाणी पोचलं नाही, म्हणून माय तिला रुसकी म्हणते. हे नाव आपल्या चुलीपुढून कधी बाहेर गेलं नाही. कुठला चोर ते टाइप करणार? कुंपणच शेत खातं म्हणतात, पण ते कुंपण माझा भाऊ? काऊन रे, काऊन? गेल्या साली बाबूजी त्या वाळलेल्या बांधीच्या धुऱ्यावर बसून रडले, ते तुझ्या मनातून गेलं नसणार, एवढं मला कळतं. यंदा ते तिथेच हरखून उभे असतात, देव पावला म्हणतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

फोन न करता कागदावर लिहिलं, कारण तू नुसतं 'ताई' म्हणाला असतास आणि मी पाघळले असते. पुढच्या रविवारी बैठक आहे. वच्छलाबाईची पाळी कायमची तोडायचा ठराव बाबूजी स्वतः मांडणार आहेत. तुझी किल्ली मी आज सकाळी रद्द केली. बैठकीत मी उभी राहणार आणि तुझं नाव घेणार, बाबूजींच्या तोंडावर. ते त्यांना माझ्याकडून कळू नये असं वाटत असेल, तर त्याआधी ये. स्टेशनवर मी असेन. घरी मागाहून जाऊ. आधी वच्छलाबाईच्या दारात.

रागावलेली, तरी तुझीच,
रविता