सुनेत्राच्या लग्नाची रजा

पंजाब, ९ जून १९९४

तीर्थरूप अप्पांना मुकुंदचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. ऊन कडक आहे, पण मेसमध्ये ताक मिळतं. आईचा गुडघा कसा आहे? पेणच्या व्याह्यांनी पाठवलेले पोह्याचे पापड पोचले. पाकीट मी अजून उघडलेलं नाही.

तुम्ही आमच्या साहेबांना लिहिलेलं इंग्रजी पत्रही पोचलं. काल त्यांनी बोलावून ते माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "तू रजा मागितली होतीस कधी?"

अप्पा, मी मागितलीच नव्हती.

कुठलं विमान कुठल्या दिवशी तपासणीला हँगरमध्ये घ्यायचं, ते माझ्या फळ्यावर ठरतं. फेब्रुवारीत मीच मेचा दुसरा आठवडा तीन विमानांनी भरून टाकला. सुनेत्राच्या लग्नाची तारीख तुम्ही आधीच कळवली होती, माझ्या डोक्यातून साफ गेली. लक्षात आलं तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या. फळा बदलायचा तर साहेबांकडे चूक कबूल करावी लागली असती. त्यापेक्षा तुम्हाला तार करणं सोपं वाटलं : रजा नामंजूर.

तुम्ही भर मांडवात साहेबांचा उद्धार केलात, असं आईने कळवलं. तरी मी गप्पच राहिलो. जावईबापूंचा कान पिळायला माझ्या जागी कोण उभं राहिलं, हे विचारायलाही तोंड नाही.

सुनेत्राला तुम्ही सांगू नका, मीच लिहितो.

साहेब रागावले नाहीत. तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर त्यांनी नुसतं बोट ठेवलं. तुम्ही लिहिलंय, माझा मुलगा खोटं बोलत नाही.

तुमचा,
मुकुंद