सरकारी पट्टी असलेली मागची भिंत फोडण्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
उतार-स्थिरता व भूजल विभाग,
खाण सुरक्षा कार्यालय.

विषय : कोळसा खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्याखालील राहत्या घराची मागची भिंत फोडून आजारी पतीस बाहेर काढण्यास लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : माझा मागील अर्ज व त्यास आपल्या कार्यालयाने दिलेला नकार.

महोदय,

१. सविनय सादर करते की, ढिगाऱ्याच्या पायथ्याचे शेवटचे घर आमचे आहे. ढिगारा सरकतो का हे पाहण्यासाठी आपल्या विभागाने आमच्या मागच्या भिंतीवर लोखंडी पट्टी ठोकली आहे. दर फेरतपासणीला तिथून ढिगाऱ्यापर्यंतचे अंतर मोजतात, ते जसेच्या तसे भरते आणि अहवालात 'उतार स्थिर' असे लिहून येते.

महोदय, ते जसेच्या तसे भरणारच. ढिगाऱ्याबरोबर आमचे घरही पुढे चालले आहे. समोरच्या शिंप्याचे दुकान आणि आमचे दार यांच्यामधून पूर्वी हातगाडी जायची, आता माणूस अंग चोरून जातो. शिंपीभाऊजी म्हणायचे, वहिनी, असंच चाललं तर चहा खिडकीतूनच द्याल. हल्ली ते अशी चेष्टा करीत नाहीत. मोजणीदारांच्या कानावर हे घातले, तर त्यांचे उत्तर असे : "बाई, आमच्याकडे ढिगाऱ्याची तपासणी आहे, घराची नाही."

२. भूजलाबाबत. ढिगाऱ्यावरील आपली निरीक्षण नळी कोरडी असल्याची नोंद आहे. नळी मध्येच वाकली असून आत सोडलेली दोरी अर्ध्यावर अडते; तिथवर पाणी नाही, म्हणून ती कोरडी. पाणी माझ्या स्वयंपाकघरात आहे. ओट्याखालून काळपट पाणी झिरपते, मी फडक्याने टिपून बादलीत पिळते, तोवर पुन्हा तेच. स्वयंपाकघर हे मान्यताप्राप्त निरीक्षणस्थळ नाही, असे मला कळविण्यात आले.

३. पुढच्या दाराची चौकट तिरकी होऊन दार अर्धवट उघडे अडकले आहे. मी कशीबशी निघते. माझे पती याच ढिगाऱ्यावर माती टाकणारा डंपर चालवीत. डंपर उलटून त्यांचा कणा मोडला, तेव्हापासून ते उताणे पडून आहेत. त्यांना स्ट्रेचरवरूनच न्यावे लागेल आणि स्ट्रेचर त्या दारातून निघत नाही, गल्लीत वळतही नाही. मागची भिंत फोडली तर मोकळ्या जागेतून रस्त्यापर्यंत नेता येईल. परंतु पट्टी असलेल्या भिंतीस हात लावणे दंडनीय आहे. पट्टी काढल्यास मोजणीत खंड पडेल, सबब पावसाळ्यानंतरच्या फेरतपासणीत विचार करू, असे आपण कळविलेत. पावसाळ्यानंतर! धन्य आहे आपली. रागाच्या भरात लिहिले, क्षमा असावी.

४. दंडाला मी भीत नाही. शिंपीभाऊजी पहार घेऊन तयार आहेत. अडून बसले आहेत ते माझे पती. आयुष्यभर त्यांनी साहेबांच्या हुकुमाशिवाय गिअर टाकला नाही. ते म्हणतात, "लेखी आल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही." मी रडले, भांडले, जेवण सोडले, तो माणूस हटत नाही. खोटा कागद करून वाचून दाखवावा, हेही मनात आले. पण ते सही आणि शिक्का पाहायला मागतात.

५. काल दुपारपासून भिंती कुरकुरत आहेत. मला फार भीती वाटते, साहेब. पुनर्वसन नको, भरपाई नको, उतार स्थिर आहे असेच अहवालात राहू द्या. फक्त सहीशिक्क्यासह दोन ओळी द्याव्यात. माझे ते ऐकत नाहीत, आपले ऐकतील. हा अर्ज शिंपीभाऊजी घेऊन येत आहेत, ते उत्तरासाठी आपल्या दाराशीच थांबतील. मी घरातच आहे. पतीस एकटे टाकून मी बाहेर पडणार नाही, याची नोंद घ्यावी.

सोबत : मागील अर्जाची व आपल्या उत्तराची नक्कल.

दिनांक : ९ जून

आपल्या दोन ओळींची वाट पाहणारी,
नम्र अर्जदार
(सही)
डंपरचालकाची पत्नी,
पायथ्याचे शेवटचे घर