मायचं नाव

बाबा, आज तुमच्या तुरुंगात जाऊन आलो. डोळ्यावरून कैदी ओळखणारं यंत्र बसवलंय, त्याची बातमी करायची होती. कैदी खुर्चीत बसतो, काळ्या चौकटीत पाहतो, आणि पडद्यावर त्याचं नाव, गाव, गुन्हा उमटतो. त्याला कुणी काही विचारत नाही.

तुम्ही तिथे फाटकावर ड्यूटीला असताना विचारायचे. सुटणाऱ्याला फाटकाशी उभं करून रजिस्टरात लिहिलेला तीळ नाहीतर व्रण अंगावर शोधायचे आणि शेवटी म्हणायचे, "मायचं नाव सांग." बापाचं नाव कुणीही पाठ करून येतो, दुसऱ्याच्या मायचं नाव घेताना मात्र जीभ अडखळते, असं तुमचं म्हणणं. एकदाच तुम्ही विचारलं नाही. हिंगणीकडच्या त्या कैद्याची माय दोन दिवसांपूर्वी वारली होती, म्हणून त्याला पॅरोल मिळाला होता. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "जाय बाप्पा, लवकर जाय." गेला तो त्याच नावाचा दुसराच. खरा चौकशी होईपर्यंत आतच अडकला. त्या रात्री पवनारच्या घरी ताटावर बसून तुम्ही आईला सांगितलंत, "मायची तेरवी हुकते आता त्याची, माह्यापायी." मी शेजारीच जेवत होतो. नुकताच पेपरात लागलो होतो.

दोन दिवसांनी सकाळी आई पेपर आपटत म्हणते, "कोन मुडदा सांगून आला असन पेपरवाल्याले?" तुम्ही म्हणता, "शिव्या काऊन देतं वं? लिहिलं तं खरंच हाय." मग माझ्यापुढे कपबशी सरकवता. "घे, थंडा होऊन राह्यला." दुपारी तुमच्या निलंबनाचा कागद येतो.

आज तिथला हवालदार उत्साहात होता. "पह्यले कधी चुकीचा मानूस सुटलता का इथून? टाका ना बातमीत, मशीनचं महत्त्व समजन लोकायले." मी म्हणालो, माहीत नाही. "मंग तुमचा डोया तं ठेवून पाहा!" मी घाई असल्याचं सांगून निघालो. घाई नव्हती. बातमी वेळेच्या आधीच दिली आणि तेव्हापासून घरात नुसता फिरतोय.

समोरच्याच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय तुम्ही कधी बोलला नाहीत. त्या सकाळी कपबशी सरकवताना मात्र तुम्ही वर पाहिलं नाही. म्हणजे ओळखलं होतं. तरी, बाबा, ती बातमी मीच दिली होती, हे मी तुम्हाला एकदाही सांगितलं नाही. आज हवालदारालाही नाही. आणि हा कागदही आता तुम्हाला न देता घडी करून खिशातच ठेवतोय.